कारखान्याचा खर्च शेतकऱ्याच्या विहिरीत

(शेळगाव, ता. इंदापूर, जि. पुणे येथील शेतकरी मेळाव्यातील भाषण)



शेतीमालाच्या भावावर बोलायचे असले की माझे काम सोपे असते. कापसाला खर्च किती आला आणि हातात किती पडले, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असते. मी फक्त वजाबाकी करून दाखवायची. आजचा विषयही हिशेबाचाच आहे, पण यातली रक्कम जमिनीखाली आहे, डोळ्यांना दिसत नाही. कारखान्याच्या आवारातून जमिनीत मुरलेले घाण पाणी, त्याने नासणाऱ्या विहिरी, ते पाणी मोजायचे कसे आणि साफ करायचे कोणी, याबद्दल मी बोलणार आहे.

हा विषय शेळगावला कशाला, असे काहीजण येताना विचारत होते. इथे कालव्याच्या खाली ऊस आणि वर ज्वारी. कालव्याखालच्या शेतकऱ्याची विहीर नासली तर त्याला निदान पाटाची पाळी आहे. वरच्या अंगाच्या कोरडवाहू शेतकऱ्याला एकच विहीर. घरचे पिणे तिच्यावर, जनावरे तिच्यावर, आणि पावसाने ओढ दिली तर ज्वारीला, कपाशीला एखादे पाणी तेही तिच्यावरच. ती गेली की त्याच्याकडे दुसरे काही नाही. आता आसपास पाहा. बारामतीची औद्योगिक वसाहत आहे, आपल्या तालुक्यात लोणी देवकरची आहे, पलीकडे दौंड तालुक्यात कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. नीरेच्या खोऱ्यात साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत. कुरकुंभ, पांढरेवाडीकडून विहिरींच्या पाण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. तिथली घाण जमिनीखालून शेळगावपर्यंत येईल असे कोणी सांगत असेल तर तो थापा मारतो. भीती घालून सभा भरवण्याचा आपला धंदा नाही. पण जे प्रश्न तिकडच्या लोकांना पाणी बिघडल्यावर विचारावे लागले, ते आपल्याला आधी विचारता येतील.

कारखान्यांना आपला विरोध नाही, हेही आधीच सांगून टाकतो. शेतकऱ्याच्या पोराला काम पाहिजे, ते कारखान्यातच मिळणार आहे. आपला विरोध आहे तो हिशेबातल्या चोरीला. घाण पाणी शुद्ध करायला खर्च येतो. गाळ नीट पुरायला, खड्ड्याला खाली अस्तर घालायला खर्च येतो. तो खर्च केला नाही की माल स्वस्त पडतो, बाजारात खपतो, परदेशी जातो. तो खर्च नाहीसा होत नाही. तो जमिनीत मुरतो आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत निघतो. शेतीमालाचा भाव पाडून शेतकऱ्याकडून जी उणे सबसिडी वसूल केली जाते तिच्याबद्दल आपण पुष्कळ बोललो. ही दुसरी उणे सबसिडी. हिची पावतीसुद्धा कोणी देत नाही.

याचा सगळा हिशेब कोर्टात मांडला गेला असे एक प्रकरण आपल्या देशात आहे. ते घडले राजस्थानात, पण त्याची मोजमापे करणारी संस्था आपल्या नागपूरची, म्हणजे नीरी. उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. तिथे १९८७-८८ च्या सुमारास 'एच ॲसिड' नावाचे रसायन बनवायला सुरुवात झाली. हे रंगाच्या धंद्यातले रसायन. आपण पिकवलेल्या कापसाचे सूत होते, सुताचे कापड होते, त्या कापडाला रंग चढवायला जे रंग लागतात त्यांच्या मुळाशी ते असते. कोर्टाच्या कागदपत्रांत नोंद आहे की एकूण सुमारे ३७५ टन माल तयार झाला, आणि त्यापोटी सुमारे ८,२५० घनमीटर घाण पाणी आणि २,४४० टनांच्या आसपास गाळ निघाला. म्हणजे एक पोते मालामागे साडेसहा पोती गाळ. हे पाणी आणि हा गाळ आवारात आणि आसपास उघड्यावर पडला. पावसाळा आला, आणि सगळे खाली उतरले. विहिरींचे पाणी काळपट झाले. माणसांना चालेना, जनावरांना चालेना, पिकाला चालेना. नीरीने पाहणी केली तेव्हा सुमारे ३५० हेक्टरवरच्या ६० विहिरींना बाधा झाल्याचे तिने कळवले.

गावकरी गप्प बसले नव्हते. त्यांनी इतके रान उठवले की प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली. जानेवारी १९८९ मध्ये त्या मालाचे उत्पादन थांबले. म्हणजे कारखाना फार तर वर्षभर, दीड वर्ष चालला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला. निकाल लागला १३ फेब्रुवारी १९९६ ला, आणि चांगला लागला. ज्याने घाण केली त्यानेच ती काढण्याचा खर्च द्यायचा, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात त्या निकालाने पक्के बसवले. नीरीने तो खर्च काढला होता ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये. पैसे आले का? १८ जुलै २०११ ला त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ही रक्कम ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरा. अर्ज १९८९ चा आणि हा आदेश २०११ चा, मध्ये बावीस वर्षे गेली. कोर्टाच्या तारखा पडत राहतात, विहिरीतले पाणी तोवर थांबत नाही.

या प्रकरणात मला महत्त्वाचा वाटतो तो आकडा कोटींचा नाही. घाण करायला वर्ष-दीड वर्ष लागले, आणि वीस वर्षे ती निघाली नाही. जमिनीखालचे पाणी नासवणे इतके सोपे आणि साफ करणे इतके अवघड का, हे कळले तर आधी मोजण्याला इतके महत्त्व का, तेही कळेल.

तुम्ही सगळ्यांनी विहीर खणताना पाहिली आहे. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच कुठे तांबड्या गेरूचा थर. नदीकाठच्या वाळूत पाणी सगळीकडून सारखे झिरपते. आपल्या खडकात ते भेगांच्या वाटेने चालते. त्यामुळे कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली राहते आणि तिसऱ्या वावरातली नासते, असे होऊ शकते. साहेब येतात, कुंपणाजवळच्या एका विहिरीचा नमुना घेतात, तो चांगला निघतो, आणि कागदावर लिहून जातात की प्रदूषण आढळले नाही. साहेब खोटे बोलले असे नाही. ते चुकीच्या भेगेवर उभे होते.

म्हणून एका विहिरीने काम होत नाही. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागेसाठी नियम आहे की भूजलाच्या उताराच्या वरच्या बाजूला किमान एक आणि खालच्या बाजूला किमान तीन निरीक्षण विहिरी पाहिजेत. वरची कशाला? कारखान्याच्या जागेत शिरण्याआधी पाणी कसे होते, हे तीच सांगते. वरची चांगली आणि खालच्या बिघडलेल्या, तर घाण मधल्या जागेतली. आपल्याकडे बहुतेक वेळा या विहिरी कुंपणाच्या आत असतात आणि त्यांचे आकडेही आतच राहतात. उतार शोधणे अवघड नाही. एकाच दिवशी, पंप चालू करण्याआधी, गावातल्या दहा-बारा विहिरींत पाण्यापर्यंतची खोली दोरीने मोजा. प्रत्येक विहिरीच्या काठाची उंची एकदा मोजणीदाराकडून काढून घ्या. उंचीतून खोली वजा करा. जिथे आकडा मोठा तिथून, जिथे लहान तिकडे पाणी चालते. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजते. आपणही तेच महिने धरले तर आपली वही त्यांच्या वहीशी ताडून पाहता येईल.

आता कोरडवाहू शेतकऱ्याची खास अडचण. आपण पिकाकडे पाहून पाण्याची पारख करतो. पण कपाशी हे खारे पाणी सर्वांत जास्त सोसणाऱ्या पिकांपैकी एक आहे, आणि ज्वारीही बऱ्यापैकी सोसते. घेवडा, कांदा, लिंबू ही पिके ज्या पाण्यावर करपतील त्या पाण्यावर कपाशी हिरवीगार उभी राहील. पंचनाम्याला आलेला माणूस म्हणेल, पीक तर चांगले आहे. तेव्हा कपाशीची साक्ष काढू नका. परसात घेवड्याचे चार वेल लावा, ते आधी बोलतील. आणि घरातल्या बाईला विचारा. डाळ शिजायला वेळ लागू लागला, चहा फाटू लागला, म्हैस हौदावर तोंड लावून मागे फिरू लागली, हे पहिल्यांदा तिला कळते. ती सांगते तेव्हा आपण ऐकत नाही, हे या मेळाव्यात बायका बसल्या आहेत म्हणून मुद्दाम मोठ्याने सांगतो.

बाईने सांगितलेले त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहा. मग नमुना. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात. बोअर असेल तर पंप बराच वेळ चालवा, पाइपात साचलेले जुने पाणी जाऊ द्या, मग बाटली भरा. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्या. औषध कारखान्यात लागणाऱ्या उडून जाणाऱ्या द्रवांची शंका असेल तर प्रयोगशाळेने दिलेली काचेची बाटली घ्या. ती विसळायची नाही, काठोकाठ भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. धातू पाहायचे असतील तर बाटलीत आम्ल घालावे लागते, तेही प्रयोगशाळाच देते. बर्फात ठेवून शक्य तर त्याच दिवशी पोचवा. दोन बाहेरच्या साक्षीदारांच्या सह्या घ्या. बाजारात काही शे रुपयांत क्षार मोजायचा मीटर मिळतो, तो गावात एक असू द्या. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले, आणि दुसरे पाणीच नसेल तर २,००० पर्यंत, असे भारतीय मानक आहे. पण मीटर कमी दाखवतो म्हणून पाणी चांगले, असे समजू नका. क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. इतक्या थोड्या विषाने मीटरचा काटा हलतसुद्धा नाही.

आता समोरचा वकील काय म्हणेल ते ऐका. नीरेच्या खोऱ्यात तो म्हणणार, क्षार कालव्यामुळे वाढले. आणि त्यात तथ्य आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत या पट्ट्यातल्या जमिनी खारवल्या, चोपण झाल्या. इंग्रज इंजिनियरांनी त्यावर पुस्तके लिहिली आहेत. दुसरे तो म्हणणार, पाण्यात नायट्रेट आहे ते तुमच्या युरियाचे आणि उकिरड्याचे. तेही खोटे ठरवता येणार नाही. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असलेल्या विहिरी कारखाना नसलेल्या गावांतही सापडतात. म्हणून नुसते क्षार आणि नायट्रेट मोजून कोर्टात जाऊ नका. त्या कारखान्यात जे वापरतात आणि शेतात कोणीच वापरत नाही, ते मोजा. ते काय आहे हे कळायला प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्याला दिलेले संमतीपत्र मागवा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आहे. कोणता माल किती टन काढायला परवानगी आहे, पाणी किती लागते, सांडपाणी किती आणि ते कुठे सोडायचे, सगळे त्यात लिहिलेले असते. इतके पाणी आत गेले आणि इतकेच बाहेर आले, तर बाकीचे कुठे गेले? उसाच्या वजनकाट्यावर उभे राहून आपण जो प्रश्न विचारतो तोच हा.

काटा म्हटल्यावर आपल्याच कारखान्यांचे बोलतो. एक लिटर अल्कोहोलमागे डिस्टिलरीतून साधारण आठ ते पंधरा लिटर मळीमिश्रित सांडपाणी निघते. ते आटवून जाळायचे किंवा प्रेसमडवर टाकून खत करायचे, असे नियम आहेत. खताच्या यार्डाला खाली पक्के अस्तर पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात तांबडे पाणी विहिरीत. हे कारखाने सहकारी, चेअरमन आपला, संचालक आपले, म्हणून तिथे आवाज बारीक होतो. खाजगीवाल्याने केले तर प्रदूषण आणि सहकारवाल्याने केले तर विकास, असा दुहेरी काटा आपल्याला चालणार नाही. सभासदांनी वार्षिक सभेत यार्डाभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मागावेत. अहवालात साखरेचा उतारा छापतात, त्याच्या शेजारी हाही छापता येईल.

समजा पाणी नासले. साफ कसे करतात? आधी मूळ बंद करायचे, म्हणजे गाळ उचलून अस्तराच्या खड्ड्यात नेऊन झाकायचा. हे न करता पाणी उपसत बसणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. मग बोअर पाडून घाण पाणी वर काढायचे, शुद्ध करायचे, पुन्हा मोजायचे. यात एक फसगत आहे. भेगांमधले पाणी लवकर स्वच्छ होते, आकडे उतरतात, सगळे खूश होतात. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडा पुन्हा चढतो. मुरमात आणि खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेली घाण हळूहळू बाहेर येत राहते. घोंगडीवर रॉकेल सांडले तर एका धुण्यात वास जात नाही, तसे. म्हणून साफसफाई झाली असे सांगणाऱ्याला विचारायचे, पंप बंद केल्यावर पुढची दोन-तीन वर्षे मोजले का?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात हिंकली नावाचे खेडे आहे. तिथे एका गॅस कंपनीने १९५२ पासून साठीच्या मध्यापर्यंत क्रोमियमचे पाणी बिनअस्तराच्या तळ्यांत सोडले. १९९६ मध्ये कंपनीने रहिवाशांना ३३ कोटी ३० लाख डॉलर दिले. पाण्याची साफसफाई अजून चालू आहे. त्यांच्या अनेक उपायांपैकी एक शेतकऱ्याने ऐकण्यासारखा आहे. ते दूषित पाणी उपसून ठिबकने लसूणघासाला देतात. मातीतले जिवाणू विषारी क्रोमियमचे कमी विषारी रूप करतात आणि ते मातीतच अडकून राहते. हे एवढ्यासाठी सांगितले की उपाय आहेत, काही साधेही आहेत. घरी जाऊन कोणी प्रयोग करू नका. ते एका विशिष्ट विषाला लागू पडते, आणि तिथे घास, माती, पाणी सारखे तपासले जाते. आपल्याकडे भोपाळच्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला हलवला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये. दुर्घटना १९८४ ची.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात जमिनीखालचे पाणीही धरलेले आहे, त्यामुळे आमचा संबंध फक्त नदी-नाल्याशी, असे मंडळाचा माणूस म्हणू शकत नाही. पण त्या कायद्याखाली खटला चालवायला मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर, सीलबंद घेतलेलाच नमुना लागतो. आपला नमुना त्याला तिथवर आणण्यासाठी. तो येईल तेव्हा त्याच वेळी, त्याच विहिरीतून आपलीही बाटली भरा. नुकसानभरपाई मागायला २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण झाले, त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. तिथे मुदतीची मेख आहे. भरपाई आणि जागा पूर्ववत करण्याच्या मागणीला कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे, बाकीच्या वादांना सहा महिने, वर फार तर साठ दिवसांची सवलत. कारण प्रथम घडले कधी, यावरच समोरचा वकील अडवणार. तुमच्या वहीत तारीख नसेल तर तारीख तो ठरवील.

कारखाना टँकर पाठवू लागला तर पाणी घ्या, तहान काही तत्त्वाने भागत नाही. पण 'आमची तक्रार राहिली नाही' अशा कागदावर अंगठा देऊ नका. टँकर म्हणजे साफसफाई नव्हे.

भाषण संपल्यावर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरे इथे देतो. एका बहिणीने विचारले, पाणी उकळून किंवा तुरटी फिरवून चालेल का? उकळल्याने जंतू मरतात. क्षार आणि धातू उडून जात नाहीत, पाणी आटते तसे उलट दाट होतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले विष बसत नाही. दुसरा प्रश्न एका तरुणाचा होता: वरचे पाणी नासले तर तीनशे फूट बोअर मारून खालचे घेतले तर? खालचे चांगले असू शकते, पण वरच्या थरात पक्की केसिंग घालून बाजूची फट सिमेंटने बुजवली नाही, तर तुमचे बोअरच वरची घाण खाली न्यायचा पाइप होईल. मग खालचेही जाईल, आणि शेजाऱ्याचेही. सोडून दिलेली कोरडी बोअरे उघडी ठेवू नका, त्यात कचरा टाकू नका, तीही बुजवा.

बाहेर टेबलावर वह्या ठेवल्या आहेत. प्रत्येक गावाने एक न्यावी. लोणी देवकर आणि बारामतीच्या वसाहतींजवळच्या गावांनी दोन न्याव्यात, कारण तिथे आज चांगल्या असलेल्या विहिरींचीही नोंद पाहिजे. पहिल्या पानावर गावच्या विहिरींचा नकाशा हाताने काढा, नाला कुठे, ओढा कुठे, कारखाना कुठे. पहिली पातळी उद्या सकाळी पंप सुरू करण्याआधी मोजायची. ऑक्टोबरचे नमुने तालुक्याने एकत्र पाठवायचे, म्हणजे तपासणीचा खर्च वाटून घेता येईल. कोणत्या गावाची कोणती विहीर, ही यादी पुढच्या जिल्हा बैठकीत आणा.